कागदावरची जनित्रे

१० ऑगस्ट १९९६ रोजी पश्चिम अमेरिकेतील वीजजाळ्याचे चार तुकडे झाले आणि सुमारे ७५ लाख ग्राहकांचा वीजपुरवठा खंडित झाला. ओरेगनमध्ये तारा लोंबून झाडांना टेकल्या, हे केवळ निमित्त. विस्मयाची गोष्ट निराळीच आहे. तज्ज्ञांनी तोच प्रसंग संगणकातील प्रतिकृतीवर घडवून पाहिला, तेव्हा आंदोलने हळूहळू शमली. प्रत्यक्षात मात्र ती वाढतच गेली होती! असे का व्हावे? जनित्रांची माहिती प्रतिकृतीत होती खरी. परंतु तिच्यात तत्पर दाखविलेली कितीतरी गतिनियामके प्रत्यक्षात प्रतिसादच देत नव्हती. मेलेला बैल खातेवहीत जिवंत असावा, तसे! पुढे जनित्रांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन आकडे नव्याने कळविणे तेथील वीजसंस्थांना आवश्यक झाले.