पाय प्लॅस्टरमध्ये, बाकीची मी बाहेर

(पॉडकास्टच्या या भागाची ही लिखित प्रत. बोलण्याची भाषा जवळपास तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांचा एक पाय सध्या उशीवर आहे. घोटा मुरगळलाय, लिगामेंट फाटलंय, हाड मोडलंय, काहीही असो. डॉक्टर म्हणालेत, "सहा आठवडे पाय टेकवायचा नाही." आणि तुम्ही तिसऱ्याच दिवशी पंख्याकडे बघत पडलाय, की आता करायचं काय?

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. मी २८ वर्षांची, मूळची साताऱ्याची, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये बॅकएंडचं काम करते. गेल्या वर्षी बॅडमिंटन खेळताना उडी मारली आणि खाली आले ती नेमकी पायाच्या बाहेरच्या कडेवर. करंगळीच्या मागचं हाड मोडलं. मी जे केलं ते डॉक्टरांना आणि फिजिओला विचारून केलं. तुम्हीही इथलं काहीही करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. प्रत्येकाचा पाय वेगळा.

हाड स्वतःच्या वेळेने जुळतं

आपल्या एका पावलात २६ हाडं असतात. करंगळीपासून मागे जाणारं जे लांब हाड आहे, ते पाचवं मेटाटार्सल. ते बुडाजवळ एका ठरावीक जागी मोडलं की त्याला 'जोन्स फ्रॅक्चर' म्हणतात. का, तर रॉबर्ट जोन्स नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९०२ मध्ये त्यावर लिहिलं. आणि गंमत बघा, त्याचा स्वतःचाच पाय मोडला होता, तोही नाचताना! हाडांच्या डॉक्टरचं हे झालं, तर आपण कोण?

गंमत सोडली तर ही जागा जरा त्रासाची. तिथे रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे हाड जुळायला वेळ लागतो. एरवीही हाड जुळण्याचा एक क्रम असतो. आधी तिथे रक्त साकळतं, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ भराव तयार होतो, मग तो हळूहळू कडक होतो. आणि त्याला नीट आकार यायला पुढे कित्येक महिने जातात. हे काम तुमच्या जिद्दीने लवकर होत नाही. दिवसाला दहा मोटिव्हेशनल रील्स बघितल्या तरी नाही.

आपल्या हातात असतं ते एवढंच, की त्याच्या आड यायचं नाही. सांगितलंय तोवर भार द्यायचा नाही. सिगारेट बंद, कारण धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, हे पक्कं माहीत असलेलं आहे. प्रोटीन पोटात जाऊ द्यायचं. ड जीवनसत्त्व तपासून घ्यायचं.

माझी आई साताऱ्याहून आली ती नाचणीचं पीठ घेऊनच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यामुळे आंबील मी मुकाट्याने प्यायले. पण फोनवरून बाकीच्यांचे सल्लेही सुरू झाले. कुणी म्हणे कांडवेलीचा लेप लाव, कुणी म्हणे आमच्या गावचा हाडवैद्य बघ, कुणी म्हणे कोमट तेलाने चोळ. ताजं मोडलेलं हाड चोळायचं नसतं हो! मी सगळ्यांना "हो मावशी, विचारते डॉक्टरांना" एवढंच म्हणायचे. भांडण नाही, चोळणंही नाही.

पाय बंद, बाकीचं चालू

हाड आपल्या वेळेने काम करतं. पण तेवढ्या वेळात बाकीचं शरीर मात्र झपाट्याने उतरतं. मांडी बारीक होते, पाठ आखडते, दम कमी होतो. आणि हे सगळं बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर एक सर्व्हिस डाऊन आहे म्हणून कुणी अख्खी सिस्टिम बंद करत नाही.

माझ्या फिजिओने तीन गोष्टी दिल्या.

पहिली, प्लॅस्टरमधल्याच पायासाठी. पाठीवर झोपायचं, गुडघा सरळ, मांडी घट्ट करायची आणि पाय फूटभर वर उचलून पाच सेकंद धरायचा. दहा-दहाचे तीन सेट. भार शून्य, पण मांडी जागी राहते. शिवाय दिवसभर अधूनमधून पायाची बोटं हलवायची.

दुसरी, हात आणि पोट. कुबड्यांवर सगळं वजन तळहातांवर येतं, त्यामुळे खांदे आणि दंड लागतातच. डंबेल नव्हते. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलो, झालं काम. खुर्चीत बसून हवेत बॉक्सिंग करून बघा, तीन मिनिटांत घाम येतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटली. चांगल्या पायाचा व्यायाम. एका बाजूला व्यायाम दिला की दुसऱ्या बाजूची ताकदही थोडी वाढते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८९४ मध्येच हे नोंदवलं गेलंय. कारण ताकद फक्त स्नायूत नसते, मेंदूकडून स्नायूला जाणाऱ्या आदेशातही असते. चांगल्या पायाला मिळालेल्या सरावाचा थोडा हिस्सा दुखऱ्या पायाच्या खात्यावर जमा होतो, असं समजा. फार मोठा नाही, पण फुकट मिळतोय ना?

आता रोजच्या चार गोष्टी. कुबडी काखेत रुतवायची नाही, काख आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर ठेवायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहते, त्यामुळे हे मला झोपेतही पाठ आहे. अंघोळीला प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची, प्लॅस्टरवर पिशवी. आणि एक झोळी गळ्यात अडकवा. कुबड्या घेतल्या की दोन्ही हात गेले, साधा चहाचा कप इकडून तिकडे नेता येत नाही. मी थर्मास झोळीत टाकायचे. दर वेळी "आई, पाणी दे ना" म्हणावं लागलं नाही, याने मनाला केवढं बरं वाटतं ते त्यातून गेलेल्यालाच कळेल.

एक गंभीर गोष्ट. पोटरी अचानक दुखायला लागली, सुजली, लाल-गरम झाली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर पॉडकास्ट बंद करा आणि लगेच डॉक्टर गाठा. पाय हलत नसताना रक्ताची गुठळी होऊ शकते. अशा वेळी वाट बघायची नसते.

सहाव्या आठवड्याचा एक्स-रे

इथवर सगळं छान वाटतंय ना? आता अवघड भाग.

मी पहिल्याच आठवड्यात घड्याळातलं पावलांचं नोटिफिकेशन बंद केलं. रोज रात्री '८,००० पैकी ४१२' बघून कुणाला हुरूप येतो? त्याऐवजी भिंतीवरचं कालनिर्णय घेतलं. हात-पोट, दुखऱ्या पायाची मांडी, चांगला पाय, अशा तीन गोष्टी झाल्या की त्या तारखेवर एक टिक. बस.

सहा आठवडे टिका मारल्या. मग एक्स-रे झाला आणि डॉक्टर म्हणाले, "फट अजून दिसतेय. अजून चार आठवडे थांबून बघू शकतो, नाहीतर ऑपरेशन करून स्क्रू टाकू." मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणी केली होती. यवतेश्वरचा घाट, कासचा रस्ता, माझ्या घरामागचा डोंगर आहे तो. ती तर गेलीच. वर घरी आत्याचा फोन आला, "पोरगी लंगडणार तर नाही ना? स्थळं बघायची आहेत." आई मला काही बोलली नाही, पण रात्री हळूच म्हणाली, "पाय नीट होईल ना गं?" तेव्हा मला कळलं की ती घाबरलीय. आणि मीही.

त्यानंतरचे ९ दिवस कालनिर्णयवर कोरे आहेत. काहीच केलं नाही. जेवायचं, लॅपटॉप, झोपायचं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी आई माझ्या शेजारी सतरंजीवर आडवी झाली आणि म्हणाली, "तो पाय उचलायचा व्यायाम मला शिकव. माझे गुडघे दुखतात." फिजिओला फोन करून विचारलं, तर हा व्यायाम गुडघेदुखीवरही देतात. मग काय, आम्ही दोघी सहा वाजता, तिची सिरीयल लागायच्या आधी, रांगेत झोपून पाय वर. ती मोजायची, मोठ्याने. मी आठवर थांबले की म्हणायची, "दहा झाले नाहीत." माझ्या आईने आयुष्यात कधी व्यायाम केला नव्हता!

तेव्हा मला एक गोष्ट उमगली, आणि आजच्या भागात मला खरं तर तीच सांगायची आहे. हुरूप एक्स-रेच्या तारखेला बांधू नका. डॉक्टर सहा आठवडे म्हणतात तो अंदाज असतो, वचन नसतं. आमच्याकडे प्रोजेक्टच्या तारखेचं असतं तसंच. ती तारीख चुकली आणि सगळा उत्साह तिच्यावरच टांगलेला असेल, तर तो खाली पडणारच. हाड जुळलं की नाही हे आपल्या हातात नाही. आज पाय दहा वेळा उचलला की नाही, हे आहे. आणि शक्य असेल तर मोजायला कुणीतरी सोबत घ्या. आई, रूममेट, व्हिडिओ कॉलवरची मैत्रीण, कुणीही.

या वेळी मी मुरलीकांत पेटकरांबद्दल बरंच वाचलं. सांगली जिल्ह्यातले, सैन्यात बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं. ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिलं. त्यांचं दुखणं आणि माझं, यांची तुलना करणं हाच वेडेपणा. मला त्यातलं भावलं ते एवढंच, की त्यांनी जे उरलं होतं त्याचा खेळ शोधला.

पुन्हा जमिनीवर

मी डॉक्टरांशी बोलून थांबायचं ठरवलं. दहाव्या आठवड्यात हाडाभोवती भराव दिसला आणि वॉकिंग बूट मिळाला. सुरुवातीला फक्त २० किलो भार द्यायची परवानगी होती. आता २० किलो म्हणजे किती, हे पायाला कसं कळणार? सोपं आहे. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, कुबड्या धरून दुखरा पाय त्यावर हळूहळू दाबायचा, काटा २० वर आला की ते ओझं लक्षात ठेवायचं. इंजिनीअर माणसाला आकडा मिळाला की जीव भांड्यात पडतो!

प्लॅस्टर निघाल्यावर पाय बघून घाबरू नका. कातडी कोरडी, पोटरी बारीक, संध्याकाळी सूज. माझी पोटरी अजूनही दुसऱ्या पायापेक्षा दीड सेंटीमीटरने कमी आहे. फिजिओने मला एक साधा नियम दिला होता. व्यायामात थोडं जाणवलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर एक पायरी मागे. आणि अर्धा तास झपाझप चालून दुखत नाही, तोवर पळण्याचं नाव काढायचं नाही.

आज मी कुठे आहे? एक मिनिट पळते, दोन मिनिटं चालते, असं वीस मिनिटं. एका पायावर टाच उचलायचा व्यायाम डाव्यावर २५ होतो, उजव्यावर १८. लंगडत नाही, आत्याला कळवलंय. कासचा घाट यंदाही नाही, पुढच्या वर्षी बघू. आई साताऱ्याला परत गेली, पण सहाला फोन येतो आणि पलीकडून मोजणं सुरू होतं.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाचा पाय उशीवर असेल, तर आजच्या तारखेवर एक टिक मारून मला कळवा, कशाची मारली ते. आणि घरात कुणी पडून असेल तर त्याला हा भाग फक्त फॉरवर्ड करू नका, शेजारी बसून मोजा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि जिना उतरताना दुखरा पाय आधी!