कुलूप दाराचे आणि कुलूप मनाचे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप गोषवारा)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याला या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. मी पंडित नाही, वक्ताही नाही. आयुष्य मीटर आणि वहीखाते यांच्यात गेले. म्हणून व्यापाऱ्याला समजेल असाच विषय निवडला आहे : लहान गावातील माणसाचे जीवित, त्याचे वित्त आणि त्याची सुरक्षितता.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळे खेड्यात आहेत. कुणाचे आजोबा निफाडकडे, कुणाचे येवल्याकडे, तर कुणाचे नगर जिल्ह्यातील एखाद्या बाजाराच्या गावी दुकान थाटून बसले. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी, व्यापाराच्या वाढीसाठी आपण नाशिकला आलो. परंतु आजही अनेक गावांत आपल्या समाजाची एक-दोनच घरे उरली आहेत. त्या घरांतून बहुधा वृद्ध आई-वडील राहतात, आणि दूरध्वनीवर आपला पहिला प्रश्न असतो, "दार नीट लावले ना?" या प्रश्नामागची काळजी खरी आहे. मात्र दार लावल्याने माणूस सुरक्षित होतो काय, याचा विचार व्हावयास हवा.

यासाठी दोन गावे उपयोगी पडतील. एक नेवासे तालुक्यातील शनि शिंगणापूर. आणि दुसरे पुणे जिल्ह्यातील सुपे, जे आज बारामती तालुक्यात आहे.

शिंगणापूर अहिल्यानगर शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. तेथील घरांना चौकटी आहेत, पण दारांना फळ्या नाहीत, कड्या-कोयंडे नाहीत. आडोशाला पडदा, आणि रात्री कुत्रे-मांजर शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी टेकवून ठेवलेली. पानसनाल्याच्या पुरात वाहून आलेली शिळा, मेंढपाळाची काठी लागताच तिच्यातून आलेले रक्त, आणि 'मी गावाचे रक्षण करीन' हा दृष्टान्त, ही कथा सर्वश्रुत आहे. आपण कर्मसिद्धान्त मानणारे लोक; कोणी देवता कोपून शिक्षा करते ही आपली श्रद्धा नव्हे. परंतु दुसऱ्याच्या श्रद्धेचा अनादर न करता तिच्यातील सामाजिक अर्थ शोधणे हाच आपला अनेकान्त आहे. त्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सामुदायिकरीत्या मान्य केली : जे दिलेले नाही ते घ्यावयाचे नाही. आपल्या शास्त्रात यालाच 'अदत्तादान-विरमण' म्हटले आहे. आपण जे व्रत म्हणून घेतो, ते त्या गावाने रीत म्हणून पाळले.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने पुढचा हिशेब पाहू. १९९० च्या दशकानंतर गावाची कीर्ती देशभर पसरली आणि भाविकांची संख्या प्रचंड वाढली. २०१० मध्ये एका यात्रेकरूच्या वाहनातून सुमारे ३५ हजार रुपयांचा ऐवज गेल्याची तक्रार झाली. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तेथे शाखा उघडली आणि 'कुलूप नसलेली बँक' म्हणून वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले. तथापि काचेच्या दाराला दिसणार नाही असे विद्युत्‌चुंबकीय कुलूप होते आणि रोकड भक्कम तिजोरीत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे सुरू झाले. आणि २०२५ मध्ये देवस्थानाच्या नावाने ऑनलाइन पूजेची बनावट ॲप चालवून भाविकांचे पैसे उकळले गेल्याचा विषय राज्याच्या विधिमंडळात गाजला.

या घटनाक्रमाचा अर्थ गावाला नावे ठेवण्यासाठी काढावयाचा नाही. अर्थ असा, की जोवर गाव एकमेकांना ओळखत होते, तोवर दाराची गरज नव्हती. ओळख विरळ झाली, पैसा वाढला, आणि सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला. शेवटची चोरी तर दारातून आलीच नाही, ती मोबाइलमधून आली. तिला कोणते कुलूप लावणार?

आता दुसरे गाव. १२ मे १८७५ हा सुप्याच्या आठवडे बाजाराचा दिवस. त्या दिवशी भोवतालच्या शेतकऱ्यांनी गावातील मारवाडी आणि गुजराती सावकार-व्यापाऱ्यांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. तेथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. ज्यांच्यावर हल्ले झाले त्या वर्गात आपल्या समाजाचीही माणसे होती, हे आपण विसरू नये.

या दंग्यांचे वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. जमावाला मुख्यतः हवे होते ते सोने-नाणे नव्हे, कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. जेथे सावकाराने कागद निमूटपणे दिले, तेथे बहुधा मारहाण झाली नाही. कागद जाळले गेले आणि जमाव पांगला.

हे का घडले? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस बंद झाल्याने आपल्या कापसाला अपूर्व भाव आला. सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले, शेतकऱ्याने घेतले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमिनीचा सारा वाढविला. शेतकरी दोन्हीकडून कात्रीत सापडला. मुदतीच्या कायद्यामुळे दर काही वर्षांनी रोखा नवा करावा लागे, आणि व्याज मुदलात मिसळून आकडा फुगत जाई. वाचता न येणारा माणूस न कळलेल्या कागदावर निशाणी करी. पैसे भरल्याची पावती मिळेलच असे नव्हते. सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्या कायद्याने काय केले? रोखा ग्राम-निबंधकासमोर लिहावा, पैसे मिळाल्याची पावती द्यावी, हिशेब लिहून द्यावा, आणि न्यायालयाने केवळ कागद न पाहता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा. म्हणजे व्यापारी नीतीने जे आपण होऊन करावयाचे, ते सरकारला सक्तीने करवावे लागले.

सर्वच सावकार लबाड होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुष्काळात त्यांनीच बी-बियाणे दिले, लग्नकार्य निभावले. हिंसेचे समर्थन तर अहिंसाधर्मी माणूस कधीच करणार नाही. परंतु सुप्याच्या त्या घरांना दारे होती, कड्या होत्या, कुलपेही होती. शेजाऱ्याचा विश्वास तेवढा राहिला नव्हता, आणि तो नसताना लाकडाची फळी काही कामाची ठरली नाही.

बंधुभगिनींनो, 'तत्त्वार्थसूत्रा'त अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे, मापे कमी-जास्त ठेवणे आणि भेसळ किंवा नकली माल खपविणे. यांतील एकही अतिचार रात्रीच्या अंधारात भिंत फोडणाऱ्याविषयी नाही. पाचही दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याविषयी आहेत! आपल्या आचार्यांना ठाऊक होते, की समाजाची सुरक्षितता दरोडेखोर जितकी बिघडवितो, त्याहून अधिक खोटे माप बिघडविते. माझ्या धंद्यापुरते सांगायचे तर कापड ताणून मोजले की मीटरमागे बोटभर वाचते, आणि गिऱ्हाइकाच्या मनातून हातभर उतरते.

पूर्वी गावाच्या रक्षणाची एक रीत होती. जागल्या रात्रीची गस्त घाली. चोरी झाली की रामोशी पावलांचा माग काढी, आणि माग ज्या गावाच्या शिवेत जाई त्या गावावर जबाबदारी येई. म्हणजे चोरी हा एका घराचा नव्हे, गावाचा प्रश्न होता. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती आणि राबणाऱ्याला मान नव्हता, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. इंडोनेशियातील जावा बेटावर मात्र गस्तीची पाळी घराघरांवर येते. तिला 'रोंडा' म्हणतात. गावात छोटी चौकी असते, तेथे पोकळ लाकडाचे 'केंटोंगान' टांगलेले असते. चोर, आग किंवा पूर यांसाठी ठोक्यांच्या खुणा ठरलेल्या असतात. आज दुकानदार, उद्या शेतकरी, परवा शिक्षक, अशी पाळी लागली की माणसे एकमेकांना ओळखू लागतात. आपल्याकडे ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटील आहेत, ग्रामसुरक्षा दले आहेत, आणि १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीमही राबविली गेली. प्रश्न इतकाच, की त्यांत आपले कुटुंब सहभागी होते, की 'आम्ही व्यापारी, आम्हांला काय त्याचे' म्हणून दूर राहते?

केवळ उपदेश करून थांबणे व्यापाऱ्याला शोभत नाही. म्हणून चार व्यवहार्य सूचना मांडतो.

पहिली, मिळकतीचे कागद. गावठाणातील अनेक घरांची पिढ्यान्‌पिढ्या मोजणीच नव्हती. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याची ही योजना आहे. गावाकडच्या घराची पत्रिका झाली का, वारसांची नावे लागली का, हे प्रत्येकाने जाऊन पाहावे. भावाभावांतील तंटा हा चोरापेक्षा अधिक घरे फोडतो.

दुसरी, उधारी आणि देणे-घेणे. पावती द्या, पावती घ्या. राज्यात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे. 'ओळखीतले आहेत' म्हणून कोऱ्या कागदावर सही घेऊ नये आणि देऊही नये.

तिसरी, मोबाइलची चोरी. पोलीस किंवा कोणतेही सरकारी खाते व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाही, ही एक गोष्ट गावाकडच्या आई-वडिलांना घोकून सांगा. फसवणूक झाल्यास लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

चौथी सूचना ट्रस्टला विनंती म्हणून. ज्या गावांत आपली एक-दोनच घरे उरली आहेत, त्यांची यादी करावी आणि महिन्यातून एकदा कोणीतरी तेथे जावे. जाताना फक्त आपल्या घरी न जाता शेजाऱ्यांकडेही जावे, कारण आपल्या वृद्ध मावशी-काकांच्या मदतीला रात्री दोन वाजता नाशिकहून आपण पोहोचणार नाही. शेजारची सून पोहोचणार आहे.

शेवटी परिग्रहाविषयी एक शब्द. परिग्रह-परिमाण व्रताकडे आपण त्यागाचे व्रत म्हणून पाहतो. माझ्या अल्पमतीनुसार ते सुरक्षिततेचेही व्रत आहे. जेवढे राखावयाचे जास्त, तेवढी भीती जास्त. सारे सोडून मुनी होणे आपणा संसारी माणसांना शक्य नाही. कपाटाला कुलूप राहणारच, आणि ते असावेही. पण शिंगणापूरने दार काढून जे मिळविले आणि सुप्याने दार असून जे गमाविले, ते एकच होते : शेजाऱ्याचा विश्वास. तो बाजारात मिळत नाही, उधारीवरही मिळत नाही. रोजच्या चोख व्यवहारातून तो थोडा थोडा जमा होतो.

गेली पन्नास वर्षे आपल्या ट्रस्टने समाजाचा पैसा सांभाळला आणि दरवर्षी हिशेब सभेपुढे ठेवला. हाच चोखपणा आपण आपल्या दुकानात, आपल्या गावात आणि आपल्या मुलांच्या मनात उतरविला, तर हा सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.