जमिनीवर मांडलेले ड्रम



गेल्या वर्षी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी वाद्यवृंद बसवीत होते. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या पाड्यावरचा एक विद्यार्थी आपला ढोल घेऊन आला. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजारात वाजतो ना, तोच. "इथे ड्रम हवेत, ढोल नको," असे सांगून त्याला परत पाठविले. समितीत मीही होतो, आणि गप्प बसलो. त्रिलोक गुर्टू यांची हकीकत मला तेव्हा ठाऊक होती. ती तिथेच सांगायला हवी होती, आज सांगतो.

आपल्या लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल एकाकडे, ताशा दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांतही असेच असे. पुढे पायाने दाबायची पट्टी आली आणि एकच माणूस बसून तिघांचे काम करू लागला. हाच जाझचा ड्रमवादक. जाझ हे तिथल्या कृष्णवर्णीयांनी घडविलेले संगीत. सांगाडा ठरलेला, बाकीचे वाजविणाऱ्याने जागच्या जागी रचायचे.

गुर्टूंचा जन्म १९५१ चा, मुंबईचा. आई बेळगावच्या, ठुमरीगायिका शोभा गुर्टू. तबला लहानपणापासूनच हाती आला. ड्रम मात्र ते रेकॉर्डी ऐकून शिकले. स्टुडिओत एका वादनावर दुसरे वादन चढवितात हे त्यांना ठाऊक नव्हते. सारे एकच माणूस वाजवितो अशी समजूत, म्हणून तेही सारे एकट्याने वाजवू लागले! अज्ञानाचा एवढा लाभ क्वचितच कोणाला होतो.

'ऑरेगन' या अमेरिकन संचात कॉलिन वॉलकॉट हे तबला आणि सतार वाजवीत. १९८४ साली ते अपघातात गेले; त्यांच्या जागी पुढे गुर्टू आले. मग जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत. १९८८ च्या 'उस्फ्रेत' या त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डीत तर आईच गायल्या आहेत.

पण खरी गंमत त्यांच्या बैठकीत आहे. ड्रमवाल्याची उंच बैठक त्यांनी सोडली. ते जमिनीवर गुडघा टेकून बसतात. तबला हाताशी, झांजा भोवती, तोंडाने बोल चालू. आणि शेजारी पाण्याची बादली! तास वाजवून पाण्यात बुडविली की तिचा सूर वाकून खाली उतरतो. जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत लोकांनी ही बादली ऐकली.

तो विद्यार्थी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. ढोल घेऊन ये, असे मी त्याला सांगून ठेवले आहे. बादली इथे आहेच.