औषधाची ब्रँडी आणि पोटातलं बाळ

आम्ही कुणकेश्वरच्या बचत गटाच्या बायका. आज हप्ते, कर्ज यांबद्दल नाही बोलणार. जो विषय बैठकीत निघाला की सगळ्या एकमेकींकडे बघून हसतात आणि पुढे सरकतात, तो आज घेतलाय.

दारू म्हटली की आपल्याला पुरुष आठवतो. बाई घेते हे कोणी बोलत नाही. पण सर्दी झाली, अंग दुखलं की कपाटातली ब्रँडी निघते. काजूच्या हंगामात पोटाला बरी म्हणून हुर्राक घेतली जाते. "थोडी घेतलंस तर काय होवचा नाय गो," असं म्हणणारी घरातलीच जाणती बाई असते. तिच्या लेखी ती दारू नव्हेच, औषध.

बाईला दिवस गेलेले असतील तर हे औषध बाळालाही मिळतं. आईच्या रक्तातली दारू वारेतून आणि नाळेतून बाळाच्या रक्तात उतरते. आपलं यकृत ती हळूहळू निपटतं. बाळाचं यकृत त्यासाठी तयारच नसतं. चेहरा सुरुवातीच्या आठवड्यांत घडतो, मेंदू मात्र नऊही महिने. अमुक इतकी चालेल असं माप आजवर कुणालाही सापडलेलं नाही, आणि बिअर, वाइन, हुर्राक यांत डावं-उजवं नाही. अरिष्टांतही थोडी दारू आपोआप तयार होते, बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. गरोदरपणी ती डॉक्टरांना विचारूनच घ्या.

फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमवान या डॉक्टरांनी १९६८ साली अशा मुलांविषयी लिहिलं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी या आजाराला नाव दिलं. काही मुलांचे डोळे बारीक, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट असते. पण बहुतेकांचा चेहरा चारचौघांसारखाच असतो. त्रास आत असतो: लक्ष लागत नाही, काल शिकवलेलं आज आठवत नाही, राग आवरत नाही. आपण म्हणतो, पोर द्वाड आहे. मग मार बसतो.

पाळी चुकल्याचं कळेपर्यंत चार-सहा आठवडे गेलेले असतात. तेवढ्यात कुणी घेतली असेल तर रडत बसू नका, आजपासून बंद करा. पुढचा प्रत्येक दिवस बाळाच्या मेंदूच्या कामी येतो. मूल हवं असेल तर आधीपासूनच बंद. नवऱ्यानेही त्या दिवसांत बाटली घरात आणू नये, समोर असली की सोडणं कठीण. पण जी बाई रोज घेते तिने घरच्या घरी एकदम तोडू नये. हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात. तिने देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात जावं. १४४१६ या टेली-मानसच्या फोनवर फुकट आणि मराठीत बोलता येतं.

मेंदूला झालेली इजा भरून काढणारं औषध नाही. तरी करण्यासारखं पुष्कळ आहे. सिएटलच्या संशोधकांनी चारशेहून जास्त जणांची माहिती गोळा केली. ज्यांचं निदान सहा वर्षांच्या आत झालं आणि ज्यांना मायेचं, स्थिर घर मिळालं, ती माणसं पुढे कमी अडचणीत आली. घरी एका वेळी एकच काम सांगा, तोंडी सांगण्यापेक्षा करून दाखवा, जेवणझोपेच्या वेळा बदलू नका. उशिरा बोलणाऱ्या मुलाला बोलण्याचे उपचार मिळतात. झटके आणि चंचलपणा यांवर डॉक्टर औषध देतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि गरज वाटली तर मुलाला पुढच्या तपासणीला पाठवतं. पण आईने सांगितलं नाही तर डॉक्टरांना दारूचं कळणार कुठून? लाजेपायी मुलाची चारपाच वर्षं फुकट जातात, हे आम्हाला फार टोचतं. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि गरोदरपणी घेतली असेल तर तेवढं डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. एकटीला जड वाटलं तर आमच्यापैकी एक सोबत येईल.