‘लॉपसायडेड’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ व उपयोग



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीच्या वर्गातच शिकविले जाऊ लागले आणि इंग्रजी शब्दाचा पहिला अर्थ मुलास सांगण्याचे दायित्व प्राथमिक शिक्षकावर आले. हा पहिला अर्थ चुकला, तर तो पुढे सहजी पुसला जात नाही. ‘लॉपसायडेड’ हे विशेषण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

शिक्षक कोश उघडतो. ‘साइड’ म्हणजे बाजू, हे त्यास ठाऊक असते. ‘लॉप’ या शब्दापुढे त्यास ‘फांद्या छाटणे’ असा अर्थ आढळतो आणि ‘एक बाजू छाटलेला’ असे फळ्यावर लिहिले जाते. तर्क सुसंगत, पण अर्थ चुकीचा! इंग्रजीत ‘लॉप’ अशी दोन भिन्न क्रियापदे आहेत. येथील ‘लॉप’ म्हणजे सैल लोंबणे, खाली झुकणे. ज्या सशाचे कान उभे न राहता खाली लोंबतात, त्यास ‘लॉप-इअर्ड’ म्हणतात, तो ‘लॉप’ हाच. (‘लोंबणे’शी असलेल्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये, स्मरणास मात्र ते उपयोगी आहे.) १८ व्या शतकाच्या आरंभी हे विशेषण प्रथम जहाजासंबंधी योजले गेले. एका बाजूस भार अधिक होऊन त्या अंगास कललेले, असे ते जहाज.

शेवटच्या ‘एड’विषयीही घोटाळा होतो. तो भूतकाळाचा नव्हे. ‘ब्लू-आइड’ म्हणजे निळे आहेत डोळे ज्याचे तो; तद्वत ‘लॉपसायडेड’ म्हणजे झुकली आहे बाजू ज्याची तो. बहुव्रीहि समास जाणणाऱ्या शिक्षकास ही घडण परकी वाटू नये.

अर्थ दाखविण्यास चित्रही लागत नाही. काठीच्या दोन टोकांस एक भरलेला व एक रिकामा तांब्या बांधून ती कावडीप्रमाणे मुलाच्या खांद्यावर द्यावी. मागे भार जास्त होऊन उलाळ झालेली बैलगाडी मात्र उदाहरणास घेऊ नये. या शब्दात तोल डाव्या-उजव्या बाजूंचा आहे.

लक्षणेने हा शब्द दूरवर जातो. १९७४ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा दुसरा डाव ४२ धावांत आटोपला व इंग्लंडने एक डाव आणि २८५ धावांनी विजय मिळविला. असा सामना ‘लॉपसायडेड’ होय, आणि तेथे ‘एकतर्फी’ हा प्रतिशब्द शोभतो. परंतु प्रतिवादीच्या गैरहजेरीत न्यायालयाने दिलेल्या ‘एकतर्फी’ निकालास हे विशेषण लागत नाही. उलट, ओठांचा एकच कोपरा वर जाणाऱ्या हास्यास ते खुशाल लागते व त्यात निंदा नसते. तेथे ‘एकांगी हास्य’ म्हणणे हास्यास्पद, आणि ‘वाकडे हसणे’ म्हटल्यास नसलेली कुत्सितता चिकटते.

सोपेपणासाठी ‘लंगडा’ असा प्रतिशब्द देण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्याच वर्गात पायाने अधू असलेले एखादे मूल बसलेले असते, आणि फळ्यावरचा शब्द मधल्या सुट्टीत त्याच्याच नावास जोडला जातो. शिवाय मूळ शब्दाचा संबंध पायाशी नाही, भाराशी आहे. ‘एका बाजूस कललेला’ एवढे तिसरी-चौथीच्या मुलास पुरेसे होते.