दूरच्या यंत्राला हुकूम देताना



आपली मुले आज संगणक शिकत आहेत. उद्या त्यांपैकी काहींच्या हाती अशा यंत्रांचा कारभार येईल, जी त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलीही नसतील. माणूस रत्नागिरीत, सर्व्हर मुंबईत. तरी हुकूम सुटतो आणि काम होते. हे घडवून आणणाऱ्या साधनाला एसएसएच म्हणतात.

पूर्वी टेलनेटसारख्या साधनांतून पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जात असे. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डची चोरी झाली. त्यानंतर तेथील संशोधक तातू यलोनेन यांनी एसएसएच तयार केले. त्यात सर्व मजकूर सांकेतिक रूपात जातो.

हा हुकूम माणसाऐवजी प्रोग्रामही देऊ शकतो. पायथन भाषेत त्यासाठी पॅरामिको नावाची लायब्ररी आहे. शंभर यंत्रांवर रोज तेच काम असेल, तर हाच मार्ग सोयीचा. परंतु पडद्यासमोर बसलेल्या माणसाला चूक दिसते. प्रोग्राम मात्र सांगावे तेवढेच पाहतो. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, समोरच्याची ओळख. प्रत्येक सर्व्हरची स्वतःची किल्ली असते. ती आधी नोंदवावी आणि दर वेळी पडताळावी. कोणतीही अनोळखी किल्ली मान्य करणे म्हणजे नाव न विचारता कोणाच्याही हाती पैसे सोपवणे होय.

दुसरी, पासवर्ड प्रोग्राममध्ये लिहू नये. किल्ल्यांची जोडी करावी. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवावी, खासगी आपल्याजवळ जपावी.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. हुकूम पोहोचला म्हणजे काम झाले असे नव्हे. प्रत्येक हुकूम संपताना एक अंक परत येतो. ० म्हणजे काम फत्ते. दुसरा अंक आला तर बहुधा काहीतरी अडले आहे. समजा, रोज रात्री शाळेच्या निकालांची प्रत काढायची आहे आणि डिस्क भरली आहे. अंक न पाहता ‘काम झाले’ अशी नोंद करणारा प्रोग्राम महिनोन्‌महिने खोटे बोलत राहील. मूळ निकाल नष्ट झाले, तर त्या दिवशी प्रतही हाती नसेल. नुकसान यंत्राचे होणार नाही, मुलांचे होईल.

मित्रांनो, शाळेतील दोन संगणक जोडून हा सराव करा. मुद्दाम चुकीचा हुकूम द्या आणि परत येणारा अंक पाहा. आणि पालकहो, मुलाने ‘काम झाले’ म्हटले, की ‘तपासलेस का?’ एवढे जरूर विचारा. न पाहिलेल्या यंत्राचा कारभार त्या सवयीवरच उभा राहणार आहे.