एका घराला दोन दारवान



चिखलीला माझी मावशी एकटी राहते. मावसभाऊ पुण्याला. त्याने घरात कॅमेरे बसवले, स्वतःचा चांगला राऊटर आणला. पण पुण्याहून काही दिसेना. मावशीचा मला फोन आला, "बाबू, येऊन बघ रे एकदा. पोरगा तिकडे उगाच जीव टांगून बसतो."

जाऊन पाहिले, तर घरात दोन पेट्या. एक इंटरनेट कंपनीची, दुसरी भावाची. दोन्ही पेट्या जुन्या वाड्याच्या देवडीवरच्या दारवानाचे काम करीत होत्या. जगाला घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. आतल्या यंत्रांचे पत्ते खासगी, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे. कोणाचे उत्तर कोणाला द्यायचे, याची नोंद दारवान ठेवतो आणि अनोळखी पाहुण्याला परत पाठवतो. भावाने आपल्या दारवानाला सूचना दिली होती. पुढच्याला कोणी सांगितलेच नव्हते!

यावर उपाय दोन. पहिला ब्रिज मोड. यात कंपनीची पेटी दारवानकी सोडून नुसता पूल होते. नाव-पासवर्ड देऊन जोडणी करण्याचे काम मागचा राऊटर करतो. २००५ साली बीएसएनएलचे ‘डेटावन’ आले, तेव्हा संगणकावरून ‘डायल’ करणाऱ्यांचे मोडेम असेच पूल असत.

दुसरा पास-थ्रू. यात जोडणी कंपनीचीच पेटी करते, मात्र मिळालेला बाहेरचा पत्ता आपल्या एका ठरावीक यंत्राच्या हाती देते. पेटी जागीच राहते, कंपनीला ती दुरून तपासता येते. पण तो पत्ता एकाच यंत्राला मिळतो आणि काही दरवाजे पेटी स्वतःकडे राखून ठेवू शकते.

मावशीचा फोनही त्याच पेटीवर होता. जोडणीचा पासवर्ड कोणाकडे नव्हता. पूल करताना फोन बंद पडला, तर रात्री-अपरात्री ती हाक कोणाला मारणार? म्हणून मी पास-थ्रू निवडला. आधी फोन लावून पाहिला, मग कॅमेरे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बाहेरचा पत्ता १०० नंतर ६४ ते १२७ मधल्या आकड्याचा किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तिसरा दारवान कंपनीच्या दारीच बसला आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच. त्यांचा जागतिक साठा २०११ साली वाटून संपला, म्हणून एक पत्ता अनेक घरांत वाटतात. तिथे दोन्ही उपाय चालत नाहीत. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो.

दुसरी गोष्ट, पुढचा दारवान उठला की राखण मागच्यावर येते. त्याचा पासवर्ड बदला. कॅमेरे उघड्यावर टाकू नका. राऊटरमधला व्हीपीएनचा बंद रस्ता वापरा.

त्या रात्री पुण्याहून मावशीला फोन आला, "आई, अंगणातला दिवा चालूच राहिलाय." मावशी उठली, दिवा मालवला आणि निवांत झोपली.